फॉर्मचा नंबर

कुंभार पिंपळगावात कुणाचाही फॉर्म भावनाच भरते. पीकविमा असो, जातीचा दाखला असो, नाहीतर पोरापोरींचं कॉलेज असो, बस थांब्यासमोरच्या तिच्या दहा बाय बाराच्या सेंटरात आल्याशिवाय गावाचं पान हलत नाही. वय छत्तीस. डी.एड. झाली, मास्तरकीची वाट बघून बघून कंटाळली, आणि शेवटी वडिलांच्या गाळ्यात एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि लॅमिनेशनचं मशीन मांडून बसली. त्याला आता अकरा वर्षं झाली. तोंडानं फटकळ. कागद अर्धवट आणला की समोरच्याचं वय, मान, नातं काही बघत नाही. "फोटो कुठाय? आधार कुठाय? नुस्तं तोंड घेऊन आलात का?" लोक ऐकून घेतात, कारण भावनानं भरलेला फॉर्म परत येत नाही अशी तिची ख्याती आहे. ही ख्याती तिला स्वतःलाही जरा जास्तच ठाऊक होती.

या ख्यातीमागं एक युक्ती होती आणि ती तिनं कधी लपवली नव्हती. हल्ली कुठलाही फॉर्म आधी मोबाइल नंबर मागतो आणि मग त्यावर ओटीपी पाठवतो. इकडं लोकांची तऱ्हा अशी, की कुणाचं सिम ऊसतोडीला गेलेल्या भावाकडं, कुणाचा रिचार्ज संपलेला, कुणी ऑफर मिळाली म्हणून नवीन कार्ड घेऊन जुनं फेकून दिलेलं. "ओटीपी आला का?" विचारावं, तर माणूस घराकडं पळणार आणि तो परत येईस्तोवर वेबसाईट झोपी गेलेली असणार. भावनाला या प्रकाराचा इतका वीट आला, की तिनं एक वेगळा मोबाइलच घेऊन टेबलावर चार्जरला लावून ठेवला. फॉर्ममध्ये 'पालकाचा मोबाइल' अशी चौकट आली की तिची बोटं न विचारताच हा नंबर टाकत. गाव त्याला 'फॉर्मचा नंबर' म्हणायचं. पुढं पुढं लोकच सांगू लागले, "ताई, तुमचाच टाका, झंझट नको."

त्या मोबाइलवर कोड आला की ती टाकायची. लिंक आली की उघडायची, आणि ज्या बटनानं काम मिटतं, हिरवी खूण येते, ते दाबायची. वाचत बसायला वेळ कुणाला होता? समोर वीस माणसं उभी, त्यातली चार भांडणारी.

आणि मोनाली म्हणजे तर भावनाचा अभिमान. रामकिसन गवंडी आणि चांगुणाबाई यांची ही थोरली लेक. चांगुणाबाई शाळेत खिचडी शिजवते, रामकिसन आसपासच्या गावांत घरं बांधतो. बारावीला मोनालीनं असे काही मार्क पाडले की भावनानं तिला धरून बसवलं आणि इंजिनियरिंगचा फॉर्म भरूनच सोडलं. पुण्याचं एक नावाजलेलं स्वायत्त कॉलेज लागलं. बौद्धवाड्यातून इंजिनियरिंगला गेलेली ही पहिली मुलगी. भावनानं तिचा फोटो सेंटरच्या काचेवर लावला आणि खाली लिहिलं, 'प्रवेश आमच्याकडून'. जणू परीक्षाही हिनंच दिली होती.

ऑगस्टातल्या एका मंगळवारी, दुपारी शाळा जेवून झाल्यावर, चांगुणाबाई पदरात एक लांबट पाकीट घेऊन सेंटरात आली.

"जयभीम ताई. पोस्टमननं माझी सही घेतली. पोरीच्या कॉलेजचं हाय म्हणला. बक्षिसाचं असंल का?"

भावनानं पाकीट फाडलं. आत दोन पानं इंग्रजी, खाली शिक्का आणि सही. तिनं पहिलं पान एकदा वाचलं, मग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. आपलं इंग्रजी कच्चं आहे, आपल्यालाच नीट कळलं नसेल, असं आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं, आणि तसंच असावं अशी आशाही वाटली.

"काय लिव्हलंय?"

"वहिनी, बसा जरा."

"बसत न्हाई, भांडे पडलेत शाळेत. सांगा जल्दी."

"मोनालीला कॉलेजनं सस्पेंड केलंय. दोन सत्रांसाठी. म्हणजे एक वर्ष तिला कॉलेजात बसता येणार नाही."

सस्पेंड हा शब्द चांगुणाबाईला माहीत होता. गावात तो सगळ्यांनाच माहीत आहे.

"सस्पेंड तं तलाठी होतो. पैसे खाल्ल्यावर. माझ्या पोरीनं काय खाल्लं?"

"मार्क कमी पडले वहिनी. दोन वेळा."

"मार्क कमी पडले म्हणून सस्पेंड करतेत?"

भावनालाही हे नवीनच होतं. तिच्या हिशेबी विषय राहिला तर राहिला, पुन्हा परीक्षा द्यायची. पण या कॉलेजचा नियम निराळा होता आणि तो दुसऱ्या पानावर लिहिला होता. सत्राची सरासरी दहापैकी पाचच्या खाली गेली की विद्यार्थी प्रोबेशनवर, म्हणजे नजरेखाली. अशा वेळी काढून टाकत नाहीत, उलट सांभाळतात. पालकाला बोलावतात, ते येऊन भेटले की मार्गदर्शक नेमून देतात, पुढच्या सत्रात विषय कमी करतात, संध्याकाळी जादा तास घेतात. लागोपाठ दुसऱ्यांदा सरासरी घसरली की पालकाला दुसरं पत्र. पंधरा दिवसांत पालक येऊन भेटले तर आणखी एक सत्र संधी. न आले तर निलंबन.

वाचता वाचता भावनाचा पारा चढला. "अशी कशी ही माणसं? आईबापाला कळवायचं नाही आणि एकदम घरी बसवायचं? थांबा वहिनी, मी फोन लावते, बघते कशी बोलत नाहीत ती." आणि चांगुणाबाईला कळावं म्हणून ती पुढच्या ओळी मोठ्यानं मराठीत सांगू लागली. "पहिलं पत्र पालकांच्या मोबाइलवर पाठवलं, सतरा फेब्रुवारी. पालकांचं उत्तर, भेटीची गरज नाही, मान्य. दुसरं पत्र नऊ जुलै. पालकांचं उत्तर चार मिनिटांत आलं, भेटीची गरज नाही, कारवाई मान्य. मोबाइल नंबर..."

नंबर तिनं वाचला नाही. तो टेबलावर, तिच्या डाव्या हाताशी, चार्जरला लावलेला होता.

"म्होरं काय?" चांगुणाबाईनं विचारलं.

"काही नाही. तुम्ही जा वहिनी. मी बघते, संध्याकाळी येते घरी."

चांगुणाबाई गेली. भावनानं सेंटरचं शटर अर्धं ओढलं आणि मोबाइल हातात घेतला. शेकडो मेसेज होते. गॅस, बँक, विमा, शिष्यवृत्ती, कुणाकुणाचे कोड. ती फेब्रुवारीपर्यंत मागं गेली. सतरा तारखेचा मेसेज सापडला. मोनालीचं नाव इंग्रजीत, पहिल्याच ओळीत. तो दिवस तिला आठवला. शिष्यवृत्तीच्या फॉर्मची शेवटची मुदत होती, लाईन रस्त्यापर्यंत गेली होती. हा मेसेजही शिष्यवृत्तीचाच असणार असं धरून तिनं लिंक उघडली होती. दोन बटनं होती. 'भेटीला येतो' हे दाबलं की पान तारीख विचारायचं, वेळ विचारायचं, काम लांबायचं. 'मान्य' दाबलं की हिरवी खूण. जुलैचाही सापडला. तेव्हा कॉलेजप्रवेशांची गर्दी होती. तेव्हाही तिनं हिरवी खूणच आणली होती.

अकरा वर्षांत तिनं कुणाचं वाईट केलं नव्हतं, निदान तिला तसं वाटत होतं. आता ती अर्ध्या शटरामागं खुर्चीत बसून होती. बाहेरून कुणीतरी "ताई, सातबारा पाहिजे होता" म्हणालं. ती उठली नाही.

मग तिनं स्वतःच्या मोबाइलवरून मोनालीला फोन लावला.

"आत्या?" मोनालीचा आवाज इतका बारीक होता की भावनाला आधी ओळखूच आला नाही.

"पत्र आलंय घरी. तू काहून सांगितलं न्हाईस ग?"

"कुणाला सांगू? त्यांना तं सगळं माहीत हाय."

"कुणाला माहीत हाय?"

"आई-बाबाला." मोनाली म्हणाली, आणि मग धरण फुटावं तसं बोलू लागली. "पहिल्या सेमिस्टरला मला कायच समजत नव्हतं आत्या. सगळं इंग्रजीत, जल्दी जल्दी. गणित गेलं, प्रोग्रामिंग गेलं. फेब्रुवारीत डीन मॅडमनी बोलावून कॉम्प्युटरवर दाखवलं. म्हणल्या, घरच्यांना पत्र गेलंय, त्यांनी वाचलंय, भेटायला यायची गरज न्हाई म्हणलेत. मला वाटलं बाबाला कामातून निघता आलं नसंल. मंग जयंतीला घरी आल्ते. म्हणलं, आता रागावतील, मारतील, मंग मी सगळं सांगीन. बाबानं माझ्यासाठी पांढरा ड्रेस आणून ठेवल्ता. आईनं पुरणपोळ्या केल्त्या. कुणी एक शब्द काढला न्हाई. चार दिवस मी त्यांच्या तोंडाकडं पाहत होते."

"मोनाली..."

"मला वाटलं त्यांनी माझी आशा सोडली. पोरगी हुशार न्हाई, कळलं त्यांना, आता बोलून काय फायदा. मंग मीबी बोलले न्हाई. जुलैत पुन्हा मॅडम म्हणल्या, तुझ्या घरच्यांनी चार मिनिटांत मान्य केलं. चार मिनिटं बी इचार केला न्हाई त्यांनी. मंग मी परत कशाला जाऊ त्यांच्या म्होरं?"

भावनानं फोन कानाला धरूनच ठेवला होता. एका वर्षाचं नुकसान तिनं पत्रात वाचलं होतं. पण त्या चार दिवसांचं पत्रात काहीच नव्हतं. एकोणीस वर्षांची पोर आईच्या हातची पुरणपोळी खात बसली होती, आणि आपल्या आईबापानं आपल्याला मनातून काढून टाकलंय असं समजत होती. आणि आईबाप बिचारे पोरगी बारीक का झाली म्हणून तिला आणखी एक पोळी वाढत होते.

"त्यांना काहीच माहीत नव्हतं," शेवटी ती म्हणाली. "ते पत्र माझ्याकडं आल्तं. मान्य मी केलं. न वाचता."

पलीकडून रडणं आलं. ते ऐकवेना, पण फोन ठेवायची भावनाची हिंमत झाली नाही.

संध्याकाळी ती रामकिसनच्या घरी गेली तेव्हा तो अंगणात बसून पायाचं सिमेंट धूत होता. वाटेत तिनं मनाशी बरंच काही जुळवलं होतं, की नेटवर्क, की सिस्टिम, की कॉलेजची चूक. दारात पोचल्यावर त्यातलं एकही सांगायची लाज वाटली. तिनं सरळ सगळं सांगितलं. नंबर कुणाचा, बटन कुणी दाबलं, मोनाली काय समजून बसली.

रामकिसनचा हात पायावर तसाच राहिला. तांब्यातलं पाणी सांडून गेलं.

चांगुणाबाई बोलली. "चार दिवस पोरगी माझ्याकडं टकामका पाहत होती ताई. मी म्हणलं, पुण्याचं पाणी लागलं, आता गरिबाच्या घरात करमंना हिला. मला राग आल्ता तिचा. म्हणून मी बी इचारलं न्हाई." ती उंबऱ्यावर बसली. "मी बी इचारलं न्हाई," ती पुन्हा म्हणाली.

भावनाला वाटलं, हिनं आपल्याला चार शिव्या घालाव्यात. तिनं घातल्या नाहीत.

रामकिसननं एवढंच विचारलं, "काही उपाय हाय का?"

उपाय पत्राच्या शेवटी एका ओळीत होता. आदेशाच्या तारखेपासून दहा दिवसांत अपील करता येतं. सहा दिवस पोस्टातच गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं तिघं जालन्याला आली आणि तिथून पुण्याच्या गाडीत बसली. वाटेत कुणी जेवलं नाही.

कॉलेजच्या गेटवर मोनाली उभी होती. आई दिसली तशी ती दोन पावलं पुढं आली आणि थांबली, जवळ जावं की नाही हे तिला अजून ठरवता येत नव्हतं. चांगुणाबाईनंच तिला ओढून छातीशी धरलं आणि पाठीत एक जोरात रट्टा घातला. "आम्ही सोडू का तुला येडे?" एवढं म्हणून तीही रडायला लागली. भावना बाजूला उभी राहिली. तिथं आपलं काही काम नाही हे तिला कळत होतं.

डीन मॅडम कडक होत्या, पण ऐकून घेणाऱ्या होत्या. त्यांनी स्क्रीन फिरवून दाखवला.

"हा नंबर पालकांचा नाही?"

"न्हाई. माझा हाय," भावना म्हणाली.

"तुम्ही यांच्या कोण?"

"मी फॉर्म भरते."

मॅडमनी चष्मा काढला. "म्हणजे विद्यार्थिनीच्या निलंबनाला मान्यता फॉर्म भरणाऱ्या बाईंनी दिली?"

"हो."

"का?"

या प्रश्नाला खरं उत्तर एकच होतं आणि ते फार लहान होतं. "काम पुढं सरकावं म्हणून," भावना म्हणाली. मॅडमना राग यायला हवा होता, पण त्यांचाही चेहरा उतरला होता. बहुधा त्या मोनालीला दोन वेळा स्क्रीन दाखवताना काय म्हणाल्या होत्या, ते त्यांना आठवत असावं.

"हे सगळं लिहून द्या. नावानिशी, सेंटरच्या पत्त्यानिशी."

असं लिहून दिलं तर उद्या कुणीही तक्रार करून सेंटर बंद पाडू शकतं, हे भावनाला पुरतं माहीत होतं. सेंटरच्या नावापाशी पेन अडलं. तिनं समोर पाहिलं. मोनाली आईचा हात धरून बसली होती. भावनानं नाव लिहिलं, पत्ता लिहिला आणि सही केली.

दुपारी चारला समिती बसली. पाचला मॅडम बाहेर आल्या. पत्र पालकांपर्यंत पोचलंच नाही हे समितीनं मानलं होतं, पण गुण तर मोनालीचेच होते आणि तास सुरू होऊन महिना होत आला होता. म्हणून दोन सत्रांचं निलंबन एका सत्रावर आणलं. जानेवारीत परत यायचं, प्रोबेशनवर, चारच विषय, रोज संध्याकाळी जादा तास, आणि महिन्याला एकदा पालकांशी बोलणं. म्हणजे सहा महिने गेले ते गेलेच. मोनालीनं मान हलवली. सहा महिने का गेले हे तिला आता कळलं होतं, आणि तेवढ्यानंच ती जरा ताठ बसली.

"पालकांचा नंबर बदलून घ्या," मॅडमनी कारकुनाला सांगितलं.

"मॅडम, आमच्याकडं लोकांचे नंबर टिकत न्हाईत, म्हणून तं..." भावना सवयीनं बोलून गेली.

रामकिसन खुर्चीत पुढं सरकला आणि त्यानं आपला नंबर सांगितला. दहाच्या दहा आकडे, एका दमात, न अडखळता. कारकुनानं टाकला. त्याच्या शर्टाच्या खिशातला फोन वाजला. त्यानं तो काढला, लांब धरला आणि आलेला कोड एकेक आकडा करून स्वतः वाचून दाखवला.

"हा नंबर मोनाली दुसरीत होती तव्हापासूनचा हाय," तो कारकुनाला म्हणाला. "एक दिवस बंद न्हाई ठेवला. गवंड्याचा फोन बंद असला तं काम कोण देईल?" मग तो भावनाकडं वळला. आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच भावनाला ते सोसेना. "ताई, तुम्हाला सेंटरम्होरं लोकांना बसायला वटा बांधायचा होता तव्हा याच्यावरच फोन केल्ता न. तुमच्याकडं असंल."

भावनानं आपला मोबाइल उघडून पाहिलं. होता. 'रामकिसन गवंडी.' मोनालीचा फॉर्म भरला, त्याच्या दोन वर्षं आधीपासून तो तिथं होता.

"मला इचारलं असतं तं सांगितला असता," रामकिसन म्हणाला, आणि सही करायला त्यानं कारकुनाकडं पेन मागितलं.